वामनकाकांच्या पापडाचा दिवस

आमच्या गल्लीत उन्हाळा कानातून यायचा. होळी झाली, पोट्ट्यांच्या अंगावरचा रंग उतरला, की एका सकाळी कुठल्या तरी घरातून मुसळाचा धप्प धप्प आवाज सुरू व्हायचा आणि माझी माय तव्यावर भाकर टाकता टाकता म्हणायची, "झालं, गोदीच्या घरचं पीठ पडलं उखळात." मग दिवसभर पोळपाटांची खडखड, बांगड्यांची किणकिण, मध्येच हसण्याचा एक मोठा लोट, आणि त्या सगळ्यावर गोदाकाकूचा आवाज. अकोल्यात कापसाच्या जिनिंगच्या मागे आमची ती गल्ली. घरं टिनाची, एखाद्यालाच गच्ची, समोर एकेक ओटा, आणि घराघरात इतकं जवळचं नातं की एकीच्या घरी फोडणी जळली तर दुसरी तिच्या घरातून ओरडून सांगायची. मी तेव्हा मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत रिकामी बसलेली. रिकामी म्हणजे मायच्या मते. माझ्या मते मी फार थकलेली होते.

शेतात सावड करतात, आज तुझ्या वावरात निंदण, उद्या माझ्या, तशीच आमच्या गल्लीत पापडाची सावड असायची. आज गोदाकाकूकडे, परवा आमच्याकडे, मग सकीनाबीकडे. ज्या घरचा दिवस तिथं सगळ्या बाया आपापलं पोळपाट-बेलन घेऊन सकाळीच हजर. घरवालीनं चहा द्यायचा, दुपारी झुणका-भाकर, ठेचा, कैरीचं पन्हं द्यायचं आणि पीठ सुकू द्यायचं नाही. मळलेल्या पिठाचा लांब रूळ करून दोऱ्यानं त्याच्या लाट्या कापायच्या, तेल लावून झाकून ठेवायच्या. त्यातली एखादी कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची, हिंग आणि मिऱ्याचा तो झटका टाळूला लागला की डोळे मिटायचे. लाट्या चोरण्यात माझा हात कोणी धरला नाही. म्हणजे धरला, गोदाकाकूनं, पण तोवर लाटी तोंडात गेलेली असायची.

गोदाकाकू म्हणजे गल्लीची न निवडलेली सरपंच. उंच, वाळकी, नाकावर सदा घाम. कोणाचा दिवस कधी ते ती ठरवायची, आणि तिचा नियम साधा होता: हाताले हात. जिनं आपले हात दिले तिला हात मिळतील, बाकीच्यांनी पापड बाजारातून विकत घ्यावे. परवा माझी नात ऋजुता मला विचारत होती. ती अमरावतीला कॉलेजात आहे. तिथं म्हणे समाजसेवेचे तास भरावे लागतात, झाडं लावा, म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवा, असं काहीबाही. "आजी, तू तरुणपणी कधी व्हॉलंटियर होतीस का गं?" मी म्हटलं, तसलं काही नव्हतं बाई आमच्या वेळी, आमच्याकडं गोदाकाकू होती. पण तिनं विचारल्यापासून मला वामनकाकांचा तो उन्हाळा सारखा आठवतो आहे, म्हणून हे लिहायला बसले. कूलर घरघरतो आहे, तो बंद केला तर लिहिणं होत नाही आणि चालू ठेवला तर कागद उडतात.

त्या वर्षी आमच्या घरचा दिवस होता. बाया ओसरीत गोल बसलेल्या, लाटणं रंगात आलेलं, आणि दारात वामनकाका उभे. काका आमच्या शेजारच्या शेजारी राहायचे. पोस्टमन म्हणून रिटायर झालेले, सायकल चालवून चालवून पोटऱ्या दगडासारख्या. बायको, अनसूयाकाकू, जाऊन दोनेक वर्षं झाली होती. एकुलती मुलगी मंदा, आमची मंदी, अमरावतीला दिलेली. काकांच्या बगलेत अनसूयाकाकूचं पोळपाट होतं आणि हातात तिचं बेलन. आम्हाला वाटलं, सामान कोणाला तरी द्यायला आले असतील.

"वैनी," ते मायला म्हणाले, "यंदा सावडीत मीही येतो म्हणतो."

एक क्षण सगळी बेलनं थांबली. मग कोणीतरी पदरात फिसकलं आणि गोदाकाकू मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुमी पापड लाटाले बसले तं आमी काय टपाल वाटाले जाव?" झालं, हसून हसून एकीची लाटी पोळपाटावरून घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली. काकाही हसले, पण हलले नाहीत. शेवटी सकीनाबी म्हणाली, "अगं, बैठने तो दो काकाले. दरवाजे में खडा आदमी अच्छा नाही दिसत." सकीनाबी बाळापूरची लेक. नवऱ्याचं गाद्या-रजायांचं दुकान. ती आमच्याशी वऱ्हाडी बोलायची, नवऱ्याशी उर्दू, आणि बकरीशी जे तोंडाला येईल ते. तिच्या आणि वामनकाकांच्या घराची मधली भिंत एकच होती.

काका बसले. मायनं चहा दिला तेव्हा त्यांनी कपाकडे पाहतच सांगितलं. मंदीला दिवस गेले होते, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच असतं. पण आदल्या दिवशी जावई येऊन गेला होता. "त्याची माय म्हणते, तिकडं घरात बाई नाही, बाळंतपण कोण करन? बोलते ते काही खोटं नाही, वैनी. पण मंदीनं चोरून निरोप धाडला, का बाबा, मले घरी न्या." त्यांनी कप खाली ठेवला. "विहीणबाई पुढच्या आठवड्यात अकोल्याले लग्नाले येऊन राहिल्या. घर पाहून जातो म्हणते. तं म्हटलं, पापड-कुरड्यांचे डबे भरलेले असले, लाडवाचा डिंक आणून ठेवला, तं घर घरावानी दिसन."

हसणं बंद झालं. अनसूयाकाकू असती तर हा प्रश्नच नव्हता, हे सगळ्यांच्या मनात आलं असणार. पण गोदाकाकू तोंडापुरतं बोलणारी नव्हती. "भाऊजी, पापडानं बाळंतपण होत नसते," ती म्हणाली. "ते एक. अन् दुसरं, हाताले हात पायजे. तुमच्याच्यानं लाटणं होईन काय?"

नाही झालं. बापरे, काय ते पापड. एकही गोल नाही. कोणाला शेपूट, कोणाला कान, मधे भोक. माय एकेक उचलून दाखवायची. "हा कोणत्या तालुक्याचा नकाशा म्हणावं?" सकीनाबी म्हणाली, "मेरा बाळापूर हाय तो." काका मान तिरकी करून पाहायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "बाळापूरले नदी असते बाई, हे तिवसा असन." इतकं हसलो आम्ही त्या दिवशी. पण दुपारी पिठाचा दुसरा घाणा कुटायची वेळ आली. उडदाचं पीठ कुटणं म्हणजे बायांच्या जिवावरचं काम. तेलाचा हात लावून लावून, मुसळाखाली ते मऊ होईस्तोवर खांदे निखळायचे. काका उठले, धोतर खोचलं आणि मुसळ घेतलं. आम्ही पाहतच राहिलो. गल्लीतल्या दोघी मिळून जे घामाघूम होऊन करायच्या, ते त्यांनी गप्पा मारता मारता केलं, आणि पीठ असं निघालं की मायनं बोटानं दाबून पाहिलं आणि लगेच लाट्या कापायला पुढं सरकवलं.

त्यानंतर ज्या घरी सावड, त्या घरी सकाळी आधी वामनकाका. पीठ कुटून द्यायचे, पापड वाळवायच्या खाटा गच्चीवर चढवून द्यायचे, मग ओट्यावर बसून बायांच्या गप्पा ऐकायचे. अनसूयाकाकू गेल्यापासून हा माणूस सकाळी दार उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा, मधे त्याचा आवाज ऐकू यायचा नाही. आता रस्त्यानं जाताना घराघरातून हाका. "काका, चहा घेऊन जा." "काका, ये डब्याचं झाकण निघत नाही." गोदाकाकू मात्र अडून होती. कुटणं म्हणजे काही लाटणं नव्हे, म्हणायची. बाकीच्या बायांचे खांदे त्या वर्षी पहिल्यांदाच दुखत नव्हते, त्यामुळे तिचं कोणी ऐकलं नाही. "बरं, एक दिवस घ्या भाऊजींचा," ती शेवटी म्हणाली. बाळंतपणाबद्दल ती काही बोलली नाही, आणि विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

काकांनी दिवस धरला बुधवारचा. विहीणबाई गुरुवारी येणार होत्या. बुधवारी पापड, संध्याकाळी घर झाडून-पुसून डबे मांडायचे, गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून बसायचं, असा त्यांचा बेत. जेवणही त्यांनी स्वतः मांडलं. वऱ्हाडातल्या पुरुषाला दुसरं काही येवो न येवो, रोडगे येतात. वावरात, पार्टीला, गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे भाजायचे आणि वांग्याची भाजी. काकांनी अंगणात गोवऱ्या पेटवल्या होत्या, धूर घरात भरलेला, आत आम्ही सगळ्या डोळे पुसत लाटतोय, आणि काकांच्या डोक्याला टॉवेल, कोपरापर्यंत पीठ, कपाळावर राखेचा पट्टा. पापड वाळायला सकीनाबीच्या गच्चीवर, कारण काकांचं छत टिनाचं. आणि अशा वेळी दारात रिक्षा थांबली आणि मंदीची सासू उतरली. एक दिवस आधी. मागून सांभाळत सांभाळत मंदी.

विहीणबाई कडक इस्त्रीच्या लुगड्यात, हातात पिशवी, नाकाला रुमाल. त्यांनी धूर पाहिला, काकांचा अवतार पाहिला, जमिनीवर सांडलेलं पीठ पाहिलं. काका हाताचं पीठ धोतराला पुसू लागले. मंदी बापाकडे पाहून रडू की हसू अशा तोंडानं उभी. बाई ओसरीत आल्या आणि त्यांनी विचारलं, "घरात बाईमाणूस कोण हाय?"

ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती इतक्या बाया बसल्या होत्या. मी गोदाकाकूकडे पाहिलं. तिचं बेलन थांबलं होतं. अमरावतीची बाई येऊन अकोल्याच्या आमच्या गल्लीत, आम्हा सगळ्यांच्या देखत, बाई कोण म्हणून विचारते, हे तिला चांगलंच झोंबलेलं दिसत होतं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात गच्चीवरून सकीनाबीची किंकाळी आली. "अगं धावा वो, पापड उडाले."

जिनिंगच्या मैदानातून वावटळ उठली होती. उन्हाळ्यात ती यायचीच, पण नेमकी आताच. धुळीचा खांब गल्लीत शिरला आणि सकीनाबीच्या गच्चीवरचे वामनकाकांचे पापड घेऊन वर गेला. आम्ही सगळ्या धावलो. कोणी पदर खोचून, कोणी अनवाणी, गोदाकाकू सगळ्यांच्या पुढं. पापड लिंबाच्या झाडात, पापड जिनिंगच्या भिंतीवर, पापड नालीच्या काठावर. एक उडत जाऊन समोरच्या म्हाताऱ्याच्या पत्र्यावर बसला, आणि तो ओट्यावरून विचारतो, "हे काय वाटून राहिले तुमी?" मी लिंबावर चढले. माय खालून ओरडत होती, उतर, हाडं मोडतीन, आणि त्याच दमात, तो वरचा घे, तो वरचा. तोंडात धूळ, केसांत धूळ, आणि हसून हसून आमची पोटं दुखायला लागली होती.

पदरांत पापड घेऊन परत आलो तर ओसरीत चित्र वेगळंच. आमच्या मागं पीठ उघडं पडलं होतं. उडदाचं पीठ वाऱ्याला लागलं की सुकतं, मग चिरा पडतात, मग ते गेलंच. हे कुठल्याही वऱ्हाडी बाईला पाहवत नाही. विहीणबाईंनी पिशवी खुंटीला लावली होती, मांडी घातली होती, अनसूयाकाकूचं ते बेलन हातात घेतलं होतं आणि भराभर लाटत होत्या. मंदी बाजूला बसून लाट्यांना तेल लावत होती. आम्हाला पाहून बाई जरा ओशाळल्या. "पीठ सुकून राहिलं होतं," म्हणाल्या.

गोदाकाकू घाम पुसत आली, त्यांचा एक पापड उचलला आणि दाराच्या उजेडात धरला. पलीकडची तिची बोटं दिसत होती. गोदाकाकूनं कोणाच्या पापडाला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तेव्हाही म्हणाली नाहीच. पापड खाली ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीत सावड हाय. तुमी आमच्या घरचे पापड लाटले. आता आमचे हात तुमाले लागतात."

"नाही वो, त्याचं काय एवढं," बाई म्हणाल्या.

"असं कसं. नेम हाय. पण तुमच्या अमरावतीले येऊन पापड लाटाले आमाले फुरसत नाही. तं तुमच्या घरचं जे काम असन ते आमी इथंच करून देतो." तिनं मंदीकडे बोट केलं. "हिले ठेवून जा."

बाईंनी हातातलं बेलन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, आणि त्यात खोट नव्हती, खरी काळजी होती, "रातच्याले कोण निजन तिच्यापाशी?"

"मैं हूं ना," सकीनाबी म्हणाली. "भिंतीले भिंत हाय. खोकली तरी ऐकू येते."

"खाणं-पिणं माह्याकडं," माय म्हणाली.

"न्हाऊ-माखू माह्याकडं," गोदाकाकू म्हणाली. "या गल्लीतलं एकूण एक लेकरू माह्या पायावर न्हालं हाय. ही मंदीही. अन् ते झाडावर चढलेलं बेणंही." ते बेणं म्हणजे मी.

विहीणबाईंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. शेवटी नजर दाराकडे गेली. तिथं वामनकाका चिमट्यात जळका रोडगा धरून उभे होते, डोळ्यांना धार लागलेली, धुरानं की कशानं कोण जाणे. "अन् व्याही, तुमी काय करसान?" बाईंनी विचारलं.

काका थोडा विचार करून म्हणाले, "मी कुटीन."

सगळ्यात आधी कोण हसलं असेल तर त्या स्वतः. मग मंदी हसली, पोट धरून, मग आम्ही. डिंक कुटायचा, खारका कुटायच्या, सुंठ कुटायची, बाळंतिणीच्या लाडवात कुटण्याशिवाय असतं काय? त्या दुपारी विहीणबाई आमच्या पंगतीला बसून दोन रोडगे जेवल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि संध्याकाळी एकट्याच रिक्षात बसल्या. जाताना मंदीला म्हणाल्या, "शनिवारी तुये कपडे धाडतो."

मंदीला मुलगी झाली. गुबगुबीत, तेल लावलं की अशी चमकायची की गल्लीनं तिचं नाव लाटी ठेवलं, पाळण्यातलं नाव कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. सकीनाबी मालिश करायची, गोदाकाकू पायावर घेऊन न्हाऊ घालायची, मी धुरी द्यायची आणि लाडू पळवायची. काका दिवसभर कुटायचे. बारशाला विहीणबाई आल्या तर स्वतःचं पोळपाट घेऊन. आणि वर्षभर काका पापड भाजून पुढं ठेवायचे तेव्हा पाहुण्याला आधी विचारायचे, "उडालेला देऊ का बसलेला?"

काका पुढं पुष्कळ वर्षं जगले, सुखानं गेले. मंदी आणि जावयानं घर विकलं तेव्हा व्यवहार उरकून ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि ढसाढसा रडली. आता कुठं येऊ, म्हणाली, माय गेली, बाप गेला, घरही गेलं, माहेर सरलं माहं. गोदाकाकू तेव्हा फार म्हातारी झाली होती, शेजारी खाटेवर पडून असायची. तिथून तिचा आवाज आला. "घर इकलं ना? गल्ली इकली काय?" मंदीचं रडणं थांबलं. "होळी झाली का ये. तुया दिवस मी ठेवून राहिली."

तेव्हापासून ती येते. माय गेली, गोदाकाकू गेली, सकीनाबी गेली, जिनिंग बंद पडलं. पापड आता मशिनीचे मिळतात आणि खरं सांगायचं तर बरे असतात. तरी आम्ही वर्षातून एक दिवस बसतो, मायच्याच ओसरीत, मी अजून तिथंच राहते. मी, सकीनाबीची सून, नव्या भाडेकऱ्यांपैकी ज्यांना वाटेल त्या, आणि अमरावतीहून गुडघे धरत आलेली मंदी. यंदा ऋजुताही होती, तिचे तास भरायला. पापड तिचेही तिवसा तालुकाच. दुपारनंतर तिनं घड्याळ पाहिलेलं मला काही दिसलं नाही.

संध्याकाळी मंदीला रिक्षात बसवलं. मागून ऋजुता धावत आली. तिनं अनसूयाकाकूचं ते बेलन धुऊन, पुसून, कागदात गुंडाळलं होतं. "मंदाआजी, तुमचं बेलन विसरलं." मंदीनं कागद सोडला, बेलन हातात फिरवून पाहिलं आणि तिला परत दिलं. "विसरलं नाही वो पोरी. घर इकलं तवापासून हे इथंच, तुमच्या खिळ्याले दोरीनं टांगलेलं असते." मग रिक्षावाल्याला चल म्हणाली आणि वळून ऋजुताला म्हणाली, "लेकीनं माहेरी काईतरी ठेवून जावं लागते." ऋजुता बेलन धरून रिक्षा वळेपर्यंत उभी होती. मग आत गेली आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला, आमच्या स्वयंपाकघरातला खिळा जरा उंचावर आहे.